गाडीची किल्ली आणि मालकाची जबाबदारी

मद्यपान करून वाहन चालविण्याच्या कायद्याचा विषय निघाला, की आपल्या व्यापारी कुटुंबांत बहुधा एकच उत्तर ऐकू येते : “आमच्या घरात मद्याला थारा नाही, या कायद्याशी आमचा काय संबंध?” पूर्वार्ध खरा असेलही. उत्तरार्ध मात्र टिकत नाही. पेढीच्या नावावर टेम्पो असतो, घरच्या मोटारीवर पगारी चालक असतो आणि तरुण मुलगा कधी आपली गाडी मित्राच्या हाती देतो. कायदा अशा वेळी गाडी कोणाच्या नावावर आहे, हेही विचारतो.

मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 185 नुसार चालकाच्या शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला, की गुन्हा पूर्ण होतो. अपघात घडलाच पाहिजे असे नाही. 2019 च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड फार तर 2,000 रुपये होता. आता सहा महिन्यांपर्यंत कारावास, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास कारावासाची मर्यादा दोन वर्षे आणि दंड 15,000 रुपये. सिग्नल तोडल्याचा दंड जागेवर भरून मोकळे होता येते, तशी सवलत येथे नाही. न्यायालयात उभे राहावेच लागते. परवानाही पोलीस जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवितात. श्वासचाचणी नाकारली की सुटका होते, हाही भ्रमच आहे. सबळ कारणाशिवाय दिलेला नकार कलम 205 नुसार आरोपीविरुद्धच्या पुराव्याला पुष्टी देणारा मानता येतो.

व्यापाऱ्याने विशेष लक्ष द्यावे, ते कलम 188 कडे. एका वाक्याचे हे कलम सांगते, की या गुन्ह्यास प्रवृत्त किंवा साहाय्य करणाऱ्यालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. कृत, कारित आणि अनुमोदित हा भेद आपल्याकडे लहानपणीच कानावर पडतो. कायदा मनातल्या अनुमोदनापर्यंत जात नसला, तरी कारितापर्यंत निश्चित जातो. चालक प्यायलेला आहे हे दिसत असूनही “माल आज रात्रीच नाशिकला पोहोचला पाहिजे” असे बजावून त्याला गाडीवर बसविणारा मालक या कलमाच्या कक्षेत येऊ शकतो. लग्नसराईत तर हा धोका आणखी वाढतो. वऱ्हाडाच्या पंगतीची चोख व्यवस्था ठेवणारा यजमान मध्यरात्रीपर्यंत बाहेर ताटकळणारे चालक कोठे आहेत आणि काय करीत आहेत, याची चौकशी क्वचितच करतो.

आता हिशेबाची बाजू. 22 डिसेंबर 2007 च्या रात्री दिल्लीत इंडिया गेटजवळ एका कंपनीच्या मालकीची पोर्श मोटार भिंतीवर आदळून जळाली. विमा होता, हप्ते भरलेले होते. चालकाच्या श्वासाची वा रक्ताची चाचणी झालेली नव्हती. वैद्यकीय नोंदीत मद्याचा वास येत असल्याचा उल्लेख तेवढा होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. परंतु एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला आणि विमा कंपनीचा नकार योग्य ठरविला. महागड्या गाडीची भरपाई बुडाली.

हे झाले स्वतःच्या गाडीचे नुकसान. रस्त्यावरचा माणूस दगावला, तर रक्कम कितीतरी मोठी होते. मद्यधुंद चालकाचे कारण पुढे करून जबाबदारी नाकारण्याची वाट विमा कंपनीला 2019 च्या दुरुस्तीने कायद्यातच मिळाली आहे. न्यायालये पुष्कळदा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतात आणि मग ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. गाडी भागीदारी पेढीच्या नावावर असेल, तर अशी वसुली भागीदारांच्या खासगी मालमत्तेपर्यंत पोहोचू शकते. वर्षाकाठी एकदाच दुकानात येणारा भागीदारही त्यातून वगळला जात नाही. माझ्या मते पेढीच्या दस्तात हा धोका लिहून ठेवणारे फार थोडे असतील.

मृत्यू ओढवल्यास शिक्षेचे स्वरूपही बदलते. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडच्या पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मर्यादेच्या तिपटीहून अधिक मद्यार्क होता. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा मानून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षांची सक्तमजुरी सुनावली आणि जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आजच्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूस पाच वर्षांपर्यंत, तर परिणामाची जाणीव असून केलेल्या सदोष मनुष्यवधास दहा वर्षांपर्यंत कारावास आहे.

आणि गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती असेल, तर कलम 199अ थेट पालकाला किंवा वाहनमालकाला दोषी धरते : तीन वर्षांपर्यंत कारावास, 25,000 रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा पुरेशी दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावरच असतो. त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.