मॉड एपीके म्हणजे नक्की काय? आणि कमी पैशात गेम्स कायदेशीरपणे कसे खेळायचे?

मित्रांनो, "दादा, माइनक्राफ्टचं फुकट एपीके कुठे मिळेल?" हा प्रश्न मला सारखा येतो. लिंक मी देत नाही. का देत नाही आणि त्याऐवजी काय करता येईल, ते आज बघूया.

मॉड एपीके कसं बनतं?

एपीके ही एक प्रकारची झिप फाइलच असते. कोणीतरी ती उघडतो, पैसे भरलेत का हे तपासणारा कोड काढतो आणि पुन्हा पॅक करतो. मूळ ॲपवर कंपनीची डिजिटल सही असते. फाइल बदलली की ती सही तुटते, मग तो स्वतःची सही टाकतो. म्हणूनच अशा गेमवर प्ले स्टोअरचा अपडेट बसत नाही. त्याने आत अजून काय घातलंय, ते आपल्याला बाहेरून दिसत नाही.

धोका कुठे आहे?

परवानग्यांमध्ये! एसएमएसची परवानगी दिली की ओटीपी वाचता येतो. ॲक्सेसिबिलिटी दिली की स्क्रीनवरचं दिसतं, वर बटणंही दाबता येतात. आता बघा, त्याच फोनवर यूपीआय असतं, आणि अनेकदा ते आईबाबांच्या खात्याला जोडलेलं असतं. गेमला या दोन्ही परवानग्यांची गरज नसते.

कायदाही आहेच. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब नुसार पायरेटेड सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. त्यात ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

आणि नुकसान फक्त मोठ्या कंपन्यांचं होतं असं नाही. 'स्टारड्यू व्हॅली' हा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसाने काही वर्षं खपून बनवला.

मग पर्याय काय?

१. लुआंती (जुनं नाव माइनटेस्ट): माइनक्राफ्टसारखं ठोकळ्यांचं जग, पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स.

२. शॅटर्ड पिक्सेल डन्जन, मिंडस्ट्री, अनसिव्ह: हेही ओपन सोर्स. एफ-ड्रॉइडवर मोफत मिळतात.

३. गुगल प्ले पास: २०२२ मध्ये भारतात आला तेव्हा महिन्याला ९९ रुपये होता. यातल्या गेम्समध्ये जाहिराती नसतात. घेण्याआधी सध्याचा दर बघा.

४. नेटफ्लिक्स: घरी सबस्क्रिप्शन असेल तर त्यातले गेम्स वेगळे पैसे न देता खेळता येतात.

५. एपिक गेम्स स्टोअर: कॉम्प्युटर असेल तर दर आठवड्याला मोफत गेम मिळतो.

एक टिप: प्ले स्टोअरवर घेतलेला गेम आवडला नाही, तर ४८ तासांच्या आत रिफंड मागता येतो.

फोनमध्ये आधीच मॉड गेम असेल तर आजच काढून टाका, प्ले प्रोटेक्टने स्कॅन करा आणि सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी कोणाकोणाला दिलीय ते तपासा. दोन मिनिटांचं काम आहे.