इंग्रजीची प्राध्यापकी : बी.एड.च्या पुढची वाट

‘इंग्रजी घेऊन बी.ए. करायचंय’ असे मुलीने म्हटले की आपल्या घरांत पुढचे वाक्य ठरलेले असते : ‘मग बी.एड. कर, शाळेत लागशील.’ आम्ही स्वतः बी.एड. करून शाळेत शिकवतो, त्यामुळे या सल्ल्याला नावे ठेवणार नाही. पण वाट तिथेच संपत नाही. महाविद्यालयात किंवा विद्यापीठात इंग्रजी भाषा व भाषाशास्त्र शिकवणे हाही मानाचा पेशा आहे.

भाषाशास्त्र म्हणजे फाडफाड इंग्रजी बोलणे नव्हे; भाषा कशी चालते याचा तो अभ्यास. ‘पल’ आणि ‘फल’ हे आपल्या कानाला दोन वेगळे शब्द. इंग्रजीत ‘पिन’मधला प हवेच्या झोताने येतो, ‘स्पिन’मधला साधा, तरी इंग्रजी बोलणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. आपल्या दखनीतले ‘नक्को’ आणि ‘मैंच’मधला ‘च’ मराठीतून आले. ‘क़लम’चे ‘ख़लम’ झाले की आपण मुलांना टोकतो. भाषाशास्त्र त्यात नियम शोधते. घरात दखनी, मदरशात उर्दू, शाळेत मराठी असे वाढलेले मूल या विषयाची शिदोरी घेऊनच येते.

आता रस्ता पाहू. एम.ए.ला ५५ टक्के गुण हवेत. नॉन-क्रीमी लेयर ओबीसींना ५० टक्के चालतात. आपल्यातील अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत, तेव्हा दाखले वेळेत काढून ठेवावेत. त्यानंतर नेट किंवा सेट. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. नेटमध्ये इंग्रजी आणि भाषाशास्त्र हे दोन स्वतंत्र विषय आहेत. सहाय्यक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची अट नाही, म्हणजे लग्नानंतरही परीक्षा देता येते. संशोधनवृत्तीसाठी वयोमर्यादा ३० असली तरी महिलांना ५ वर्षांची सवलत आहे. २०२३ पासून सहाय्यक प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. सक्तीची नाही, सहयोगी प्राध्यापक व्हायचे तर ती लागतेच. शिकण्यासाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, हैदराबादचे इफ्लू ही नावे लक्षात ठेवावीत.

कायम जागेवर सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. आठवड्याला १६ तास शिकवायचे असते. शिवाय वाचन, पेपर तपासणी, संशोधन.

पण दुसरी बाजू लपवणे बरे नाही. कायम जागा थोड्या निघतात. नेट-सेट झालेले कितीतरी तरुण तासिका तत्त्वावर शिकवतात; जेवढे तास तेवढेच पैसे, सुट्टीत काहीच नाही. अशा वेळी घरातले म्हणतात, ‘एवढं शिकून काय मिळवलंस?’ या एका वाक्याने हुशार मुली पुस्तके मिटवतात, हे आम्ही पाहिले आहे.

म्हणून पालकांना आमची विनंती : घाई करू नका. बी.एड. हाताशी असू द्या, भाषांतर किंवा शिकवणी यांतून खर्च निघू द्या; पण नेट-सेटसाठी मुलीला दोन-तीन वर्षे द्या आणि घरात अभ्यासाचा एक कोपरा द्या. मुलाला जी मोकळीक देता, तीच तिलाही द्या. तिच्या वर्गात उद्या कुणाच्या तरी दखनीला हसण्याऐवजी तिचे व्याकरण फळ्यावर लिहिले जाईल.