घराची किल्ली आणि कामाची बाई

मे महिन्यात घर बंद करून गावी जायची वेळ आली की आमच्या इमारतीत एकच विषय निघतो : कामाच्या बाईवर विश्वास ठेवावा की नाही? मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. नव्या माणसाची चौकशी जरूर करावी. पण घर सांभाळण्याचे बरेचसे काम घरच्या माणसांनीच करायचे असते. आमच्या घरी घडलेल्या एका प्रसंगाने मला हे पटले.

चार वर्षांपूर्वी आजीच्या दोन पाटल्या सापडेनात. कपाट, ट्रंक, देवघर, सारे पालथे घातले. सहा वर्षे आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींना कोणी चोर म्हटले नाही. नुसते, "तुम्ही कुठे पाहिल्यात का हो?" असे चारदा विचारले. पाचव्या दिवशी त्या आल्याच नाहीत. गोष्ट जिना उतरून खाली गेली आणि इमारतीतील त्यांची आणखी तीन कामे सुटली. पुढे श्रावणात तांदळाच्या मोठ्या डब्याचा तळ लागला, तेव्हा रुमालात गुंडाळलेल्या पाटल्या हाती आल्या. गावी जाताना आजीनेच त्या तिथे ठेवल्या होत्या!

म्हणून पहिली खबरदारी म्हणजे आपला ऐवज किती आणि कोठे आहे, हे आपल्याला ठाऊक असणे. रोज न लागणारे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत. घरी असतील त्यांची यादी करावी, छायाचित्रे व सराफाच्या पावत्या जपाव्यात. खरोखर चोरी झालीच तर फिर्याद देताना याच गोष्टी उपयोगी पडतात. कपाट उघडे टाकणे, सर्वांसमोर नोटा मोजणे, "आम्ही आठ दिवस नाही" असे फोनवर मोठ्याने सांगणे, हे तर आपणच थांबवू शकतो.

नवे माणूस ठेवताना पूर्वीच्या घरी स्वतः जाऊन विचारावे. नाव, सध्याचा व गावचा पत्ता, छायाचित्र आणि ओळखपत्राची प्रत घ्यावी. (मूळ ओळखपत्र अडकवून ठेवू नये, ते त्या माणसाचे आहे.) ही माहिती पोलीस ठाण्यात देऊन पडताळणी करून घेता येते. मात्र तिची मर्यादाही ओळखावी : ज्याच्यावर कधी गुन्हाच नोंदलेला नाही, त्याच्याविषयी पोलिसांचे दप्तर काय सांगणार? महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. बाईंनी त्या मंडळात नाव नोंदवावे म्हणून आपण मदत केली, तर त्यांचा फायदा होतोच आणि त्यांची रीतसर ओळखही कागदावर येते. चौदा वर्षांखालील मुलीला कामाला ठेवणे तर कायद्याने गुन्हाच आहे.

खरी गोम किल्लीत असते. नवराबायको दोघेही नोकरीला जाणारी घरे बाईंकडे लॅचची किल्ली देतात. त्याला इलाज नसतो. पण मग आतल्या खोलीला व कपाटाला वेगळे कुलूप हवे. किल्ली कोणाकोणाकडे आहे ते लिहून ठेवावे, आणि काम सुटताना ती परत मिळाली नाही तर कुलूप सरळ बदलावे. परत मिळालेल्या किल्लीचीही नक्कल निघालेली असू शकते. बाई रजेवर गेल्या तर बदली कोण येणार, हे आधीच ठरवावे; अनोळखी माणसाला "मावशींनी पाठवलंय" एवढ्यावर आत घेऊ नये. घरात कॅमेरा बसवला असेल तर तो कोठे आहे हे काम करणाऱ्यांना सांगावे. चोरून पाहण्यात कसली आली सुरक्षितता?

आता संशयाचा दिवस उगवलाच तर? नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरणे हा साध्या चोरीहून गंभीर गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ३८१ व्या कलमात तो होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३०६ व्या कलमात आहे, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची. पण म्हणून बाईंना खोलीत कोंडून जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. तसे कोंडणे हाच गुन्हा ठरतो. आधी घर नीट शोधावे, मग पोलिसांकडे जावे आणि तोवर जिन्यात काही बोलू नये. आम्ही यातले काहीच केले नाही.

पाटल्या सापडल्यावर आई मावशींच्या वस्तीत गेली, मीही बरोबर होते. त्यांनी चहा दिला, सारे ऐकून घेतले. परत कामाला येणार नाही म्हणाल्या. फक्त, "त्या तीन घरी तुम्ही स्वतः जाऊन सांगा," एवढेच मागितले. आई त्याच संध्याकाळी गेली. दोन घरांनी मावशींना पुन्हा बोलावले. तिसऱ्या घरी तोवर दुसरी बाई लागली होती.