मेपलचं कलम: काचघरातून घरच्या बागेत

जपानी मेपलचं बी रुजतं, पण त्यातून आईसारखंच झाड येईल याची खात्री नसते. लाल पानांच्या ‘ब्लडगुड’चं बी पेरलं तर काही रोपं लाल, काही तपकिरी आणि काही हिरवी निघतात. छाट कलमांना मुळं फुटतात, पण त्यातली बरीचशी पहिल्याच हिवाळ्यात दगावतात. म्हणून ‘सांगो-काकू’ची पोवळ्याच्या रंगाची साल किंवा ‘शिशिगाशिरा’ची चुरमडलेली पानं हुबेहूब हवी असतील, तर कलमच बांधावं लागतं. पूर्वी हे काम रोपवाटिकांतले कसबी माळी करत. आज ते घरच्या बागेत होतं. एवढ्या काळात चाकूचा काप फारसा बदलला नाही. बदलली ती जोडलेली काडी सुकू न देण्याची रीत.

एदोजवळचं, म्हणजे आजच्या तोक्योतलं, सोमेई ही माळ्यांची वस्ती. तिथल्या इतो इहेई घराण्याच्या १७१० सालच्या उद्यानग्रंथात मेपलचे ३६ प्रकार नोंदलेले आहेत. डच ईस्ट इंडिया कंपनीचा स्वीडिश डॉक्टर कार्ल पीटर थुनबर्ग १७७५ मध्ये जपानला पोहोचला. त्यानं १७८४ च्या ‘फ्लोरा जापोनिका’त या झाडाला ‘एसर पाल्माटम’ हे शास्त्रीय नाव दिलं. एकोणिसाव्या शतकात झाडं युरोपच्या बागांत आली आणि त्यांच्यामागोमाग कलमाची गरजही आली.

तिथली रीत खर्चिक होती. साध्या हिरव्या मेपलची दोन-तीन वर्षांची कुंडीतली रोपं जानेवारीच्या सुमाराला उबदार काचघरात आणायची. मुळं जागी झाली की या रोपाच्या, म्हणजे खुंटाच्या, बगलेला उभा, पातळ काप घ्यायचा आणि तेवढाच काप दिलेली हव्या त्या जातीची निद्रिस्त काडी त्यात बसवायची. सालीखालचा हिरवा, वाढता थर निदान एका बाजूला तरी जुळलाच पाहिजे. पुढचे काही आठवडे काडीला खुंटाकडून पाणी मिळत नाही, म्हणून कलमं काचेच्या बंद पेटीत, दमट हवेत ठेवायची. ज्याच्याकडे काचघर नव्हतं, त्याचं शिक्षण इथेच थांबे.

ही अडचण एका रासायनिक अपघातानं सोडवली. १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉलिथिन अनपेक्षितपणे तयार झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते स्वस्त झालं आणि काचपेटीचं काम साधी पिशवी करू लागली. कोकणात आंब्याच्या कोय कलमाच्या काडीवर प्लॅस्टिकची अरुंद पिशवी चढवतात, तीही याच कारणासाठी. ज्ञानही त्याच सुमारास पुस्तकांतून खुलं झालं. ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रातल्या रॉबर्ट गार्नर यांचं कलमांवरचं हस्तपुस्तक १९४७ मध्ये आलं. अमेरिकेत ऑरेगनच्या रोझबर्ग गावी राहणारे जे. डी. व्हर्ट्रीस हे कीटकशास्त्रज्ञ. त्यांनी १९७८ मध्ये ‘जॅपनीज मेपल्स’ लिहून जातींची ओळख आणि कलमाची कृती हौशी वाचकांपुढे एकत्र मांडली.

मग प्रयोगशाळेतली ताणली जाणारी पॅराफिल्म बागेत आली. तिनं काडी पूर्ण गुंडाळली की ओल आत राहते आणि कोंब स्वतःच ती फोडून बाहेर येतो. तिकडच्या उन्हाळ्याच्या अखेरीला, ऑगस्टमध्ये बांधलेल्या कलमांमुळे तर काचघराची गरजच उरली नाही. त्यासाठी काडीची पानं कापून देठ तेवढे ठेवतात. दोन-तीन आठवड्यांनी बोट लावताच देठ अलगद गळला तर कलम धरलं. वाळून चिकटून राहिला तर काडी मेली.

पाणी उलटूनही घात करतं, हे शिकायला मात्र अनेकांना वेळ लागला. वसंतात मेपलचा रस जोरात चढतो, कापातून वाहतो आणि सांधा जुळूच देत नाही. म्हणून अनुभवी माणसं कलमाआधी काही दिवस खुंटाचं पाणी तोडतात. सांधा पक्का झाल्यावर खुंटाचा शेंडा एकदम न छाटता टप्प्याटप्प्यानं कापतात आणि सांध्याखालचे हिरवे फुटवे वेळीच खुडतात. नाहीतर दणकट खुंट नाजूक जातीला मागे टाकतो.

आज जपानी मेपलच्या हजाराहून अधिक जातींना नावं आहेत. एवढ्या सगळ्या विक्रीसाठी वाढवणं बहुतेक रोपवाटिकांना परवडणारं नाही. त्यामुळे हौशी बागकर्मी दर हिवाळ्यात ओलसर कागदात गुंडाळलेल्या काड्या एकमेकांना टपालानं पाठवतात, फ्रिजमध्ये जपतात आणि खुंट जागा झाला की बांधायला घेतात.