थेंबाच्या पोटात किती शून्ये

गुरुग्रामच्या सेक्टर-मार्केटांत होमिओपॅथीच्या दुकानातून ‘लिव्हर डिटॉक्स’चे थेंब चिठ्ठीशिवाय मिळतात. 30 मिलीची शीशी, म्हणजे साधारण 600 थेंब. खोक्यावर लॅटिन नावांची रांग आणि प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरांत 30सी, 6एक्स किंवा क्यू. लोक नावं वाचतात. वाचायला हवेत ते आकडे.

सी म्हणजे दर पायरीला शंभरात एक भाग. मूळ अर्काचा एक थेंब 3सीपर्यंत न्यायचा तर 50 लिटर द्रव लागेल, म्हणजे ऑफिसांत येतात ते 20 लिटरचे अडीच जार. 6सीला 25 लाख जार. 12सीला 5 कोटी घन किलोमीटर, म्हणजे हिंदी महासागराचा जवळपास पाचवा हिस्सा. 13सीला पृथ्वीवरचे सगळे महासागर एकत्र केले तरी पुरत नाहीत. त्यांच्या साडेतीनपटीहून जास्त पाणी हवं. आणि 30सीला? सूर्याएवढे गोळे द्रवाने भरायचे, तेही 35 वर 24 शून्ये इतके. त्या सगळ्यांत मिळून तो एक थेंब.

होमिओपॅथीचे जनक हानेमान यांचा ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ 1810 चा. रेणूंची संख्या मोजण्याचा पहिला ठोस प्रयत्न लोश्मिट यांनी 1865 मध्ये केला, तेव्हा हानेमान जाऊन 22 वर्षं झाली होती. 12सीच्या पुढे शीशीत मूळ पदार्थाचा एखादा रेणू सापडण्याचीही आशा उरत नाही, हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता. आपल्याला तो आहे. ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये 61 आजारांवरचे 176 अभ्यास तपासले. एकाही आजारात होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. आणि ‘डिटॉक्स’चं काम तर आपली मूत्रपिंडं रोज सुमारे 180 लिटर द्रव गाळून करतच असतात.

मला काळजी वाटते ती लहान आकड्यांची. एक्सची पायरी दहाची आहे, म्हणून 3एक्स म्हणजे हजारात एक. आर्सेनिकम आल्बम 3एक्सच्या एका ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम आर्सेनिक ट्रायऑक्साइड येतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आर्सेनिकची. त्या हिशेबाने मर्यादेवरच्या 75 लिटर पाण्यात असतं तेवढं आर्सेनिक त्या एका ग्रॅममध्ये बसलेलं असतं. क्यू, म्हणजे मदर टिंक्चर, तर सरळ अर्कच. यकृताच्या थेंबांत चेलिडोनियम हमखास असतं. याच वनस्पतीच्या औषधांनी यकृताला सूज आलेल्या 10 रुग्णांची नोंद जर्मनीत 1999 मध्ये प्रसिद्ध झाली.

आणि अल्कोहोल. मे 2021 मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात ‘ड्रोसेरा 30’ हे होमिओपॅथिक औषध दारूसारखं प्यायल्याने किमान आठ जण गेले. ड्रोसेरा त्यात नसल्यातच जमा होतं. अल्कोहोल होतं 91 टक्के. 12 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं होमिओपॅथिक औषध 30 मिलीहून मोठ्या बाटलीत किरकोळ विकायचं नाही, असा आपल्याकडे नियमच आहे. 90 टक्क्यांच्या त्या 30 मिलीत 21 ग्रॅम अल्कोहोल असतं, 30 मिलीच्या दोन पेगांइतकं. वीस थेंबांत पाऊण ग्रॅमही नाही, त्यामुळे धडधाकट माणसाला ते जाणवणार नाही. पण घरात लहान मूल असेल तर शीशी कुलपात हवी. गरोदरपणात, यकृताच्या आजारात, मेट्रोनिडाझोल किंवा दारू सोडवण्याचं डायसल्फिराम चालू असताना ही शीशी उघडूच नये.

घ्यायचेच असतील तर लेबलवर अल्कोहोलचं प्रमाण, एक्स की सी, परवाना क्रमांक आणि मुदत पाहा. क्यू किंवा 3एक्सपर्यंतचं काही स्वतःच्या मनाने घेऊ नका. थायरॉइडची, मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी या थेंबांसाठी एक दिवसही बंद करू नका. डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी झाली, अंगाला खाज सुटली, तर थेंब थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि शीशी सोबत न्या.