किनाऱ्यावरचे घर आणि तीनशे चौरस मीटरची सूट

बेंगळुरूहून कारवार रस्त्याने पाचशे किलोमीटरहून थोडे अधिक. किनाऱ्यावरच्या घरांविषयी निर्णय घेणारे कर्नाटक राज्य किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण मात्र समुद्राचा वाराही न लागणाऱ्या या राजधानीत बसते. माजाळी किंवा बैतखोल येथील एखाद्या कुटुंबाला भरतीरेषेलगतचे घर नव्याने उभारायचे असले, तर त्याचा प्रस्ताव घाट चढून इथवर यावा, त्रुटी निघाव्यात, पुन्हा घाट उतरावा, अशी वर्षानुवर्षांची रीत होती. १८ जानेवारी २०१९ रोजी केंद्राने जारी केलेल्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने हा प्रवास थांबवला. स्वतःच्या निवासासाठीच्या, एकूण तीनशे चौरस मीटरपर्यंत बांधकाम असलेल्या घराला प्राधिकरणाची शिफारस लागणार नाही. स्थानिक स्वराज्य संस्थाच अधिसूचनेच्या दृष्टीने प्रस्ताव तपासून परवानगी देईल, अशी ही तरतूद आहे.

वरकरणी यात वावगे काहीच नाही. एका घराच्या चार भिंतींसाठी राजधानीचे उंबरे झिजवावे लागू नयेत, हे विकेंद्रीकरणाच्या तत्त्वाला धरूनच झाले. सूट कोणाला आणि कोणत्या मापाने दिली, या प्रश्नापाशी आले की चित्र बदलते.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. आपल्याकडे एका कुटुंबाच्या घराला पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन कधीच लागू नव्हते. १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेनुसार बांधकाम प्रकल्पांची ती पायरी वीस हजार चौरस मीटरपासून सुरू होते. म्हणजे किनाऱ्यावरच्या लहान घराच्या बाबतीत पर्यावरणाची म्हणून जी काही छाननी होते, ती किनारा नियमनाखालीच. तिथली राज्यस्तरीय पायरी काढली की उरते ती ग्रामपंचायत अथवा नगरपालिका. नियम जागेवरच आहेत, फक्त ते पाहणारा बदलला आहे. या सुटीवर टीका करणारे आणि तिचे स्वागत करणारे, दोघेही हा फरक बहुधा नजरेआड करतात.

या नियमनाचा उगम राजकीय इच्छेत आहे, कायदेमंडळात नाही. नोव्हेंबर १९८१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्याचा आग्रह धरला. पुढे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या अधिकारात १९ फेब्रुवारी १९९१ रोजी पहिली अधिसूचना निघाली. देशाच्या संपूर्ण किनाऱ्याचे भवितव्य ठरवणारा हा दस्तऐवज विधेयकाच्या रूपाने संसदेपुढे कधीच आला नाही. सदस्यांना तो भेटतो प्रश्नोत्तराच्या तासात आणि लेखापरीक्षणाच्या अहवालात. परिणामी दोन दशकांत त्यात पंचवीसच्या आसपास दुरुस्त्या झाल्या आणि ६ जानेवारी २०११ रोजी, जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना, नवी अधिसूचना आली. तिसरी २०१९ची. तिला मंत्रिमंडळाने २८ डिसेंबर २०१८ रोजी मान्यता दिली, म्हणजे लोकसभा निवडणूक चार महिन्यांवर आली असताना.

या तिन्हींत घराच्या पुनर्बांधणीविषयीचे वाक्य कसे बदलत गेले, हे पाहण्यासारखे आहे. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंतच्या ना-विकास क्षेत्रात १९९१ साली केवळ अस्तित्वातील अधिकृत बांधकामाच्या 'दुरुस्ती'ला मुभा होती. तीही चटईक्षेत्र, जोत्याचे क्षेत्र आणि घनता न वाढवता. 'पुनर्बांधणी' हा शब्द त्याला जोडला गेला २०११ मध्ये. वीस वर्षे एका शब्दावाचून किती कुटुंबांची अडचण झाली असेल, याची कल्पना किनाऱ्यावर काम केलेल्या कोणत्याही महसूल अधिकाऱ्यास येईल. घर पडले तर मदत मिळवण्यासाठी ते पूर्ण पडल्याचा पंचनामा हवा आणि पुन्हा बांधायचे तर ही केवळ दुरुस्तीच आहे असे दाखवायला हवे! एकाच घराविषयी दोन खात्यांपुढे दोन परस्परविरोधी गोष्टी सिद्ध करण्याची ही वेळ होती.

शब्द आला तरी अडसर संपला नाही. अट 'अधिकृत' बांधकामाची आहे. खारवी, हरिकांत, कोळी अशा समाजांची जुनी घरे पिढ्यान् पिढ्या तिथे उभी आहेत, घरपट्टीही भरली जाते. पण बांधकाम परवानगीचा कागद नसतो. कर्नाटकात पहाणी आणि ई-स्वत्तूचा उतारा, महाराष्ट्रात सातबारा आणि मिळकतपत्रिका, गोव्यात नमुना एक-चौदा. यांपैकी कशात तरी घर दिसले पाहिजे. २०११च्या अधिसूचनेने यावर एक उपाय केला होता. १९९१च्या नियमांत बसणारी, परंतु औपचारिक मंजुरी न घेतलेली पारंपरिक किनारी समाजांची घरे नियमित करता येतील. मात्र त्यांचा व्यापारी वापर होता कामा नये आणि ती समाजाबाहेरच्या कोणास विकता अथवा हस्तांतरित करता येणार नाहीत. अट कडक होती, पण तिच्या केंद्रस्थानी तिथे राहणारा माणूस होता.

२०१९ची सूट माणसाकडे पाहत नाही, क्षेत्रफळाकडे पाहते. तीनशे चौरस मीटर म्हणजे ३,२२९ चौरस फूट. बेंगळुरूत भाड्याच्या दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या वाचकाला हा आकडा पुरेसा बोलका वाटावा. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र पंचवीस चौरस मीटर धरले आहे. ही मर्यादा त्याच्या बारापट. मच्छीमाराची सोय हा हेतू असेल, तर माप त्याच्या घराचे नाही. 'स्वनिवास' हा शब्द आहे खरा, पण घरमालक वर्षातून किती दिवस तिथे राहतो हे कोण मोजणार? त्याच अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावरील स्थानिकांना, जोते व दर्शनी भाग न बदलता, आपल्या घरात 'होम स्टे' चालवण्याचीही मुभा दिली आहे. स्थानिकांना उत्पन्नाचे साधन मिळते, हे स्वागतार्हच. तरीही या दोन तरतुदी शेजारी शेजारी ठेवल्या की गोकर्णसारख्या ठिकाणी घर आणि व्यवसाय यांतील रेषा कितपत टिकेल, याविषयी शंका घेण्यास जागा राहते.

तुलनेसाठी दूरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. २०२५च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स आणि मालिबू भागांत वणव्याने हजारो घरे भस्मसात केली. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी पाच दिवसांच्या आत आदेश काढून जळालेल्या घरांच्या पुनर्बांधणीपुरता पर्यावरणीय छाननीचा आणि किनारा कायद्याच्या परवान्याचा अडथळा दूर केला. त्याचा सर्वाधिक लाभ समुद्रकाठच्या धनिकांना होणार, ही टीकाही लगोलग झाली. लक्ष वेधून घेते ती मात्र १९७६च्या त्यांच्या किनारा कायद्यात आधीपासूनच असलेली तरतूद. आपत्तीत नष्ट झालेले घर त्याच जागी, त्याच वापरासाठी आणि पूर्वीच्या क्षेत्रफळ, उंची व आकारमानापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक न वाढवता बांधायचे असेल, तर परवाना लागत नाही. तिथे मोजपट्टी पूर्वीच्या घराची आहे. घर झोपडीवजा असेल तर सूटही तेवढीच, हवेली असेल तर हवेलीएवढी. पण जुन्या घराचा आधार घेऊन भलतेच काही उभे राहत नाही. आपल्या सुटीत जुने घर होते की नव्हते, हा प्रश्नच नाही. चाळीस चौरस मीटरचे कौलारू घर असणारा आणि गतवर्षी प्लॉट घेतलेला नोकरदार, दोघेही एकाच रांगेत. कागद ज्याचा चोख, तो पुढे.

देखरेख कागदावर सोपवली की काय होते, याचे दाखले महाराष्ट्रात विपुल आहेत. अलिबागजवळच्या किहीम येथील नीरव मोदी यांचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी स्फोटकांनी पाडण्यात आला. त्या किनाऱ्यावरील बेकायदा बंगल्यांविरुद्धची जनहित याचिका होती २००९ची. जुहू येथील नारायण राणे यांच्या 'अधीश' बंगल्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २० सप्टेंबर २०२२ रोजी चटईक्षेत्र आणि किनारा नियमन या दोन्हींचा भंग झाल्याचा निष्कर्ष काढून बेकायदा भाग पाडण्याचा आदेश दिला व दहा लाखांचा दंड ठोठावला. राणे त्या वेळी केंद्रात मंत्री होते. सहा दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. ही दोन्ही बांधकामे तीनशे चौरस मीटरच्या कितीतरी पलीकडची, म्हणून या सुटीशी त्यांचा थेट संबंध नाही. तथापि, इतकी मोठी घरेही यंत्रणेच्या नजरेतून सुटतात आणि कोणीतरी न्यायालयात गेल्यावरच सापडतात, हे ध्यानी घेतले तर ज्या घराची फाइल वर जाणारच नाही त्याचे काय, हे निराळे सांगावयास नको.

आता भार आहे पंचायत विकास अधिकाऱ्यावर. भरतीरेषा नकाशावर कोठे आहे, प्रस्तावित जोते तिच्यापासून दोनशे मीटरच्या आत येते की बाहेर, खाडीकाठी मोजमाप पन्नास मीटरने करायचे की खाडीच्या रुंदीने, हे ठरवण्यासाठी सर्वेक्षक लागतो. जन्म-मृत्यूच्या नोंदींपासून रोजगार हमीपर्यंत सगळे पाहणाऱ्या कार्यालयात तो कुठून यावा? २०११च्या अधिसूचनेने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समित्या आणि त्यांत पारंपरिक किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी, अशी व्यवस्था सांगितली होती. ती बेंगळुरूपेक्षा जवळची आणि पंचायतीपेक्षा सक्षम. पण ऑगस्ट २०२२ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालाने काय दाखवले? आंध्र प्रदेशात अशा समित्याच नाहीत, तमिळनाडूत समित्या आहेत पण त्यांत किनारी समाजांचा सहभाग नाही, आणि कर्नाटकात तर राज्य प्राधिकरणाचीच पुनर्रचना झालेली नव्हती. अधिकार खाली द्यायचे आणि खालची संस्था उभी करायची नाही, ही आपल्या विकेंद्रीकरणाची जुनीच खोड आहे.

या सगळ्यात समुद्राला कोणी विचारत नाही. किनारपट्टीच्या १९९० ते २०१८ या काळातील केंद्रीय अभ्यासानुसार देशाचा ३३.६ टक्के किनारा झिजतो आहे. कर्नाटकात हे प्रमाण पावभागाच्या आसपास. उल्लाळ-सोमेश्वर पट्ट्यात घरे लाटांनी गिळली. २०११ साली 'धोकारेषा' आखण्याची कल्पना नियमनाचा भाग होती. २०१९ मध्ये ती रेषा आपत्ती व्यवस्थापनाचे साधन म्हणून ठेवण्यात आली, परवानगीशी तिचा संबंध राहिला नाही. म्हणजे तीनशे चौरस मीटरचे नवे घर सर्व नियम पाळून धोकारेषेच्या आत उभे राहू शकते आणि त्याच कुटुंबाला दहा वर्षांनी सरकारच स्थलांतराची नोटीस देऊ शकते.

समुद्र दूर आहे म्हणून बेंगळुरूच्या वाचकाने यातून अंग काढून घेण्याचे कारण नाही. हरित लवादाने मे २०१६ मध्ये इथल्या तलावांभोवती पंचाहत्तर मीटरचा मोकळा पट्टा सांगितला, तेव्हा याच वादाचे दुसरे रूप शहराने पाहिले. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पाण्यापासून किती दूर, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हाच तिथलाही प्रश्न.

उत्तर कन्नड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. कारवारची माणसे आजही मुंबई, पणजी आणि बेंगळुरू अशा तिन्ही ठिकाणी विखुरलेली आहेत. त्यांतील अनेकांचे मूळ घर या पाचशे मीटरांत आहे. या किनारी मतदारसंघांच्या आमदारांनी अधिवेशनात एवढी तरी मागणी करावी, की या सुटीखाली दिलेली प्रत्येक परवानगी, जुन्या जोत्याच्या क्षेत्रासह, जिल्हाधिकाऱ्यांनी दर तिमाहीस जाहीर करावी. केंद्राच्या अधिसूचनेला हात न लावता राज्याला हे करता येते. जिल्हास्तरीय समितीच्या बैठका कधी घ्याव्यात, हेही त्यात ठरून जावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. घरे शाकारायची, पडलेली भिंत उभी करायची, ते एप्रिल-मेमध्ये. त्या दोन महिन्यांत परवानगी मिळाली नाही, तर ते कुटुंब पावसाळा ताडपत्रीखाली काढते.