स्टेटसला कोण कोण दिसतं

केज तालुक्यातलं विडा हे गाव धुळवडीला आपल्या जावयाला गाढवावर बसवतं. आठ-नऊ दशकांची ही रीत आहे. गावात सांगतात, की देशमुखांच्या घरी आलेल्या जावयानं रंग लावून घ्यायला नकार दिला, तेव्हा सासऱ्यानंच थट्टेनं गाढव मागवलं आणि त्याची गावभर मिरवणूक काढली. तेव्हापासून दरवर्षी एक जावई हेरला जातो. होळी जवळ आली की जावई मंडळी लपायला लागतात, पोरं त्यांच्या मागावर राहतात आणि कुणी हाती लागला की त्याच्यावर पहारा बसतो. मग गळ्यात चपलांचा हार, तोंडाला रंग, खाली गाढव आणि मागंपुढं सगळं गाव. मारुतीच्या देवळापाशी मिरवणूक संपते. तिथं त्याच जावयाला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी देऊन त्याचा मान करतात.

पूर्वी ही गंमत पंचक्रोशीत राहायची. आता मिरवणूक निघायच्या आधीच मोबाइल वर झालेले असतात आणि दुपारपर्यंत तो जावई पुण्या-मुंबईतल्या हातांमध्ये पोचतो. विड्याचं नावही न ऐकलेली माणसं त्याला पाहून हसतात, कुणी हळहळतात, कुणी गावाला नावं ठेवतात. बहुतेक वेळा ती क्लिप अर्ध्या मिनिटाची असते, देवळापर्यंत पोचतच नाही. अंगठी कुणाला दिसत नाही. गावाला मात्र ठाऊक असतं की हा माणूस तासाभरात अंघोळ करून मानाच्या पाटावर बसणार आहे, म्हणून गावाचं हसणं त्याला लागत नाही.

गेल्या पंचवीस वर्षांत आमच्या भागात माणसं स्वतःला कशी पाहत आली, दाखवत आली, याचा विचार करायला लागले की मला हे गाढव आठवतं. चेहरा तोच, कौतुकाची हौस तीच. पाहणारा तेवढा बदलत गेला.

मी शाळेत होते तेव्हा केजमध्ये फोटो हौसेसाठी कमी आणि कागदासाठी जास्त निघायचा. बोर्डाचा फॉर्म, एसटीचा पास, बँकेचं खातं, नाहीतर मुलीचं स्थळ. त्याशिवाय स्टुडिओची पायरी चढायचं कुणाला सुचत नसे. आत आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा, पावडरचा डबा, मागं धबधबा रंगवलेला पडदा आणि खुंटीवर सगळ्या गावासाठी एकच काळा कोट. बारक्या अंगाच्या पोराला तो ढगळ व्हायचा, मग पाठीमागून चिमटे लावून समोरून नीट बसवायचे. फोटो छातीपर्यंतच असायचा, म्हणून खाली पायजमा असला तरी चालून जाई. "हनुवटी खाली, डोळे माझ्याकडं, हलू नको," एवढं झालं की झालं. फोटो परवा मिळायचे. मधले दोन दिवस आपण कसे आलो आहोत हे कुणालाच माहीत नसायचं, आणि पाकीट हातात पडल्यावर जे निघेल ते फॉर्मला चिकटायचं.

म्हाताऱ्या बायकांच्या वाट्याला तेवढंही नव्हतं. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना 1993 पासून मतदारांची फोटो ओळखपत्रं निघायला लागली, आणि आमच्याकडच्या कितीतरी जणींचा एकटीचा असा पहिला फोटो तोच. लग्नाच्या घोळक्यात कुठंतरी अर्धा चेहरा आलेला असेल तर असेल. त्या कार्डावर सगळ्या सारख्याच दिसतात: डोक्यावर पदर, ओठ घट्ट मिटलेले, नजर कॅमेऱ्याच्या थोडी बाजूला. त्यांतली कुणी गेली की घरचे तेच कार्ड घेऊन स्टुडिओत यायचे. फोटो मोठा करून आर्टिस्टकडून त्यावर हात फिरवून घ्यायचे. कुंकू ठसठशीत, साडीला काठ, डोळ्यांत चमक. आमच्या भिंतीवर आजीचा असाच फोटो आहे. त्यात तिच्या कानात कुड्या आहेत. खऱ्या आजीकडे कुड्या कधीच नव्हत्या. वडिलांनी एका वर्षी कापूस निघाल्यावर करायच्या म्हणून ठरवल्या होत्या, त्या राहून गेल्या, त्या फोटोत आल्या. त्या फोटोला मी खोटा म्हणणार नाही. लेकाच्या मनात आई जशी दिसायला हवी होती, तशी ती तिथं आहे.

म्हणून मोबाइलनं माणसाला दिसण्याचं वेड लावलं असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. हौस आधीचीच होती. तिला परवडेल असं साधन नव्हतं.

आधारचा पहिला क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. पुढं आमच्याकडंही नोंदणीच्या रांगा लागल्या. त्या रांगेत मी एक गोष्ट पाहिली. माहिती बरोबर आहे का हे तपासायला नोंदणी करणारा पोरगा स्क्रीन समोरच्याकडं वळवायचा. नाव-पत्ता बाजूलाच राही, आजीबाई आपला चेहराच बघत बसायच्या. एक जण म्हणाली, "केस लईच पांढरं झालं की गं." तिच्या घरात आरसा नव्हता अशातला भाग नाही. पण आरशात माणूस कुंकवापुरतं बघतं. असं समोर बसून, निवांत, दुसऱ्या कुणाकडं बघावं तसं स्वतःकडं बघायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

मधला ऑर्कुट-फेसबुकचा काळ केजमध्ये मोजक्या पोरांचा होता. भारनियमनातून उरलेल्या वेळात सायबर कॅफेत जाऊन तासाचे पैसे मोजायचे आणि एकमेकांची स्तुती लिहायची, असं ते चालायचं. 30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद झालं तेव्हा गावातल्या बहुतेकांना ते चालू होतं हेही माहीत नव्हतं. खरा पालट झाला 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं तेव्हा. पहिले काही महिने डेटा फुकट. सिमसाठी लागलेली रांग रेशनच्या रांगेइतकी लांब होती आणि तिच्यात बायाही होत्या. पुढच्या फेब्रुवारीत व्हॉट्सअॅपला चोवीस तासांनी पुसलं जाणारं स्टेटस आलं. त्या दोन गोष्टी अशा पाठोपाठ आल्या म्हणून पुढचं सगळं झालं, असं मला वाटतं.

स्टेटसचा खरा उपयोग आमच्या ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांनी केला. केज, धारूर, वडवणी हा पट्टा दसरा-दिवाळीनंतर निम्मा रिकामा होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी टोळी करून कोल्हापूर, सांगली, सातारा, नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात आणि पाडव्याच्या आगंमागं परततात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेब त्याच्या नावावर, तिचं नाव कुठं नाही. लेकरं कितीदा आजी-आजोबांपाशी गावातच राहतात. पूर्वी सहा महिन्यांत येणारी खबर म्हणजे कुणाच्या तरी फोनवर दोन मिनिटांचं बोलणं, तेही "बरं हाय, पैसं पाठवलं," एवढंच.

आमच्या गल्लीतल्या एक मावशी दरसाल जातात. त्यांचं स्टेटस मी रोज बघते. पहाटेच्या अंधारात टायर गाडीवर रचलेल्या मोळ्या, कोपीपुढची चूल, तीन दगडांवरचं भगुलं, कधी बैलाच्या शिंगाला गुंडाळलेला झेंडूचा हार. कधी त्या स्वतः, अंगात साडीवरून नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, हातात कोयता. मागं लग्नातलं एखादं गाणं लावलेलं असतं. चार्जिंग रस्त्याकडंच्या हॉटेलात करून आणावं लागतं, तरी स्टेटस चुकत नाही.

त्या फोटो टाकून थांबत नाहीत. रात्री मोळ्या भरून झाल्यावर खालचं डोळ्याचं चिन्ह दाबून कुणी कुणी पाहिलं ते बघतात. वाचायला येत नाही. पण नावापुढं प्रत्येकाचा गोल फोटो असतो ना, त्यावरून ओळखतात. सासूचा फोन नातवाकडं असतो, त्याचा गोल दिसला की पोरं जेवून झोपायच्या तयारीत आहेत. माहेरच्या भावाचा गोल दोन दिवस दिसला नाही की त्या फोन लावून विचारतात, "दादा, बरं हाय ना समदं?" मला एकदा म्हणाल्या, "तुमी शाळंतनं आल्यावर बगता, सांजच्याला." मी केव्हा बघते हे मलाही ठाऊक नव्हतं. कुणीतरी आपल्या पाहण्याची अशी वाट बघत असतं हे कळल्यापासून मी ते स्टेटस घाईनं पुढं सरकवत नाही.

टिकटॉकचा मामला निराळा होता. तिथं पाहणारा अनोळखी होता, आणि त्यातच त्याची मजा होती. 2018 ते 2020 या दोन वर्षांत खेड्यातल्या पोरापोरींना पहिल्यांदा कळलं की आपली बोली, आपला बांध, आपलं म्हशीपुढचं नाचणं बघायला लोक थांबतात. आमच्या शेजारच्या धारूर तालुक्यातल्या भोगलवाडीचे संतोष मुंडे त्यातले. गावरान ढंगाच्या विनोदी व्हिडिओंनी ते राज्यभर ओळखीचे झाले. त्यांना ना शहरी कपडे लागले ना पुस्तकी मराठी. तोवर टीव्हीवर आमची बोली गड्याच्या नाहीतर हवालदाराच्या तोंडी यायची. ती मुख्य माणसाच्या तोंडी ऐकायला आम्हाला फार बरं वाटलं. 29 जून 2020 ला केंद्र सरकारनं टिकटॉकसह 59 अॅपवर बंदी घातली आणि एका रात्रीत ती सगळी गर्दी नाहीशी झाली. काही दिवसांतच रील्स आले, कुणी तिकडं गेलं, कुणी यूट्यूबवर. डिसेंबर 2022 मध्ये विजेचा धक्का लागून संतोष मुंडे गेले. त्या दिवशी केजमधल्या मोबाइलवर जिकडंतिकडं त्यांचेच व्हिडिओ होते. हसवणाऱ्या माणसाला निरोप देताना लोक त्याचेच विनोद पुन्हा लावत होते.

फ्लेक्सबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. चौकात कुणाचा वाढदिवस, त्याखाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची ओळ, कुणाचा चेहरा केवढा यावरून रुसवेफुगवे. त्यातल्या पोरांचा मला राग येत नाही. आपलं तोंड गावाच्या चौकात लागावं असं विशीत कुणाला वाटणार नाही?

काळजी वाटते ती माझ्या वर्गातल्या मुलींची. रील टाकलं की अनोळखी माणसं रंगावरून, दातांवरून, अंगावरून बोलतात. एका मुलीनं आठवडाभर हसणंच बंद केलं होतं, तोंडावर हात धरून बोलायची. तिच्या आजीनं काय केलं, तर सगळ्या घराला समोर बसवून ते रील लावायला सांगितलं. चुलते, काकू, बारकी भावंडं, सगळ्यांनी ते बघितलं, तिच्या नाचण्यात कुठं पाय चुकला ते सांगितलं, पुन्हा नाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी पोरगी हात खाली ठेवून वर्गात आली. जावयाला अंगठी देणाऱ्या विड्यासारखंच हे शहाणपण आहे, आणि ते आमच्या घरांत अजून शिल्लक आहे याचा मला मनापासून आनंद आहे.

यंदा त्या ऊसतोडीच्या मावशींच्या लेकीची सोयरीक चालू आहे. पाहुण्यांनी घरच्यांचे फोटो मागवले. मावशींनी फडातलाच एक काढून दिला, शर्ट, फडकं, कोयता सगळ्यासकट. पुतण्या म्हणाला, "काकू, मागचा ऊस काढून टाकतो, बाग लावतो. कोयता बी जाईल. एका मिनिटाचं काम हाय." त्यानं करून दाखवलंही. मावशींनी दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले, बागेतली फुलं चांगली आहेत म्हणाल्या, आणि मग सांगितलं, "ऊस ऱ्हाऊ दे. त्येनला बी कळू दे की, आपली सोयरी कुठं ऱ्हात्यात, काय करत्यात."